एका ओळखीच्या माणसाची केंद्रकी

४ जून

मुंगे,

तुझे मागचे पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. एकूण चुका अकरा, त्यातल्या चार अक्षम्य. छापखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, पण दुसऱ्याच्या लिखाणात चुकीची वेलांटी दिसली की माझा हात अजून शिवशिवतो. शिवाय तू 'केलं', 'झालं' असे लिहितेस. पानभर नुसते ठिपके. कागदावर मुंग्या सोडल्यासारखे दिसते. तुझे टोपणनाव उगाच पडलेले नाही.

आता कामाचे. माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या तपासणी अहवालात एक शब्द आला आहे: केंद्रकी. 'केंद्रकी ठळक' असे लिहिले आहे. मला आधी वाटले छपाईची चूक असावी, 'केंद्र की' असे सुटे हवे. पण पुढे काही जोडून अर्थ लागेना. तू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दिवसभर माणसांचे तुकडे मेणात घालून कापतेस, तेव्हा तुला ठाऊक असणार. ही केंद्रकी कोण, ती काय करते आणि ती ठळक झाली तर कोणाचे काय बिघडते, ते सविस्तर लिही.

फोन करू नकोस. माझा डावा कान गेला आहे आणि उजव्या कानाशी तुझी काकू उभी असते. तिला यातले काही कळता कामा नये, ती लगेच राईचा पर्वत करील. पत्र मात्र बिनधास्त घरी पाठव. माझी पत्रे ती उघडत नाही. तिच्या मते त्यांत वाचण्यासारखे काही नसते.

तुझा,
काका

---

९ जून

काका,

नमस्कार, आणि थोडा रागही. लाल शाईने भरलेलं माझंच पत्र मला परत मिळालं. ते मी आमच्या प्रयोगशाळेत काचा बघून निदान करणाऱ्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढा रक्तस्राव झालेला नमुना बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

केंद्रकीबद्दल मला आजवर घरातल्या कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आता तुमची सुटका नाही.

पेशीच्या आत एक गोल केंद्रक असतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या केंद्रकाच्या आत आणखी एक गडद ठिपका दिसतो. तीच केंद्रकी. कधी एक, कधी दोन-तीन. गंमत म्हणजे केंद्रकाला पडदा आहे, हिला नाही. भिंत नाही, दार नाही. रस्त्यात काही फुकट वाटत असलं की माणसांचा जसा घोळका होतो, तसा हा रेणूंचा घोळका. काम चालू आहे तोवर घोळका आहे.

काम काय, तर रायबोसोम बनवणं. रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं विणणारी बारकी यंत्रं, एकेका पेशीत लाखोंनी. ती बनवायची कृती डीएनएच्या धाग्यावर काही ठरावीक जागी लिहिलेली असते, आणि केंद्रकी त्या जागांभोवतीच जमते. तिच्या पोटात कृती उतरवून घेतात. त्याभोवती धाग्याधाग्यांचा एक दाट थर असतो, तिथे उतरवलेल्या मजकुराची काटछाट होते. म्हणजे तुमचं खातं. आणि सगळ्यात बाहेर दाणेदार थर, तिथे रायबोसोमचे भाग जुळवतात, एक मोठा आणि एक छोटा. दोन्ही भाग केंद्रकाच्या भोकांतून वेगवेगळे बाहेर पडतात आणि बाहेर गेल्यावर कामापुरते एकत्र येतात. काही नवराबायको नोकरीमुळे जसे राहतात तसं.

पेशी दुभंगून दोन व्हायला निघाली की केंद्रकी चक्क नाहीशी होते. वाटण्या झाल्या की दोन्ही घरांत पुन्हा हजर.

आता ठळक म्हणजे काय. निवांत पेशीत ती बारीक असते, कामाचा रेटा वाढला की फुगते. आमच्याकडे फार ठळक दिसली की मॅडम खुर्ची पुढे ओढतात. कारण कर्करोगाच्या पेशी अधाशी, त्यांना सतत प्रथिनं हवीत, मग केंद्रक्या मोठ्या, वेड्यावाकड्या, एकीच्या जागी चार.

पण अहवाल कुणाचा आहे?

तुमची,
मुंगी

---

१४ जून

मुंगे,

या वेळी चुका सातच. प्रगती आहे.

मी एक घोळ केला आहे. तुझे पत्र त्या ओळखीच्या माणसासमोर बसून मोठ्याने वाचले. नवराबायकोच्या विनोदापर्यंत तो हसत होता. मग मी 'मॅडम खुर्ची पुढे ओढतात' इथे आलो आणि थांबायचे सोडून पुढचे वाक्यही वाचले. आयुष्यभर एकही ओळ गाळायची नाही ही सवय, तिने घात केला. त्याने पत्र माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि परत दिले.

त्याच्या तोंडात आतून, गालाला, दोन महिन्यांपासून जखम आहे. भरत नाही. एका बाजूने जेवतो. डॉक्टरांनी तिचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्यावर हा अहवाल आला आणि शेवटी 'पुन्हा तपासणी आवश्यक' असे लिहिले आहे. पण हा पुन्हा जायला तयार नाही. नवे काम घेणे बंद केले आहे. म्हणतो, मुलीचे बाळंतपण दीड महिन्यावर आले आहे, ते होईपर्यंत तिला काही कळायला नको. नाव सांगायचे नाही अशी शपथ मला घातली आहे, म्हणून तू विचारू नकोस.

ठळक म्हणजे दरवेळी वाईटच का? उलट टपाली लिही. आणि काकूला अजून काही माहीत नाही, ते तसेच राहू दे.

काका

---

१८ जून

काकू,

हे पत्र तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतेय. काउंटरवरच वाच आणि घरी नेऊ नकोस.

काकांच्या तोंडात दोन महिन्यांपासून जखम आहे, गालाच्या आत. तुकडा काढून तपासलाय आणि अहवालात शंका आहे. मला ते हे सगळं 'एका ओळखीच्या माणसा'चं म्हणून लिहितात. तुला आठवतं ना, मागे त्यांच्या 'एका मित्रा'ला साखर निघाली होती? त्या मित्राला त्यांनी दोन मुलगे आणि एक कुत्रा दिला होता, आणि गोळ्या शेवटी काकांच्याच खिशात सापडल्या. या वेळी मित्राला बाळंतपणाला आलेली मुलगी दिलीय. नाव सांगायचं नाही अशी शपथही आहे म्हणे. त्यांनी काम घेणंही बंद केलंय असं लिहितात. घरी तपासायला प्रुफं येतात का अजून?

तू त्यांना काही विचारू नकोस, विचारलंस तर ते आणखी आत जातील. जेवण मऊ दे, तिखट नको. जमलं तर तोंडात बघ. आणि काकू, थोडे दिवस त्यांना रागावू नकोस.

मी इथून बघते काय करता येतं.

मुंगी

---

१८ जून

काका,

तुमच्या मित्राला हे वाचून दाखवा, आणि या वेळी शेवटपर्यंत दाखवा.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. केंद्रकी फुगते ती कामामुळे, आणि काम काही फक्त कर्करोगालाच असतं असं नाही. जखम भरत असेल तर तिथल्या पेशींनाही ढीगभर प्रथिनं लागतात, मग त्यांच्याही केंद्रक्या ठळक होतात. नुसत्या ठिपक्यावरून निकाल लागत नाही. ठिपका एकसारखा आहे की वेडावाकडा, पेशी रांगेत आहेत की एकमेकींच्या अंगावर चढल्यात, तळाचा थर शाबूत आहे का, हे सगळं बघावं लागतं.

म्हणून आता एक काम करायचं. तो तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात आहे तो ठोकळा मागून घ्यायचा. रुग्णाने मागितला तर देतात. तो आणि त्यातून कापलेल्या नमुन्याच्या काचा कापसात गुंडाळून मला पाठवा. मी स्वतः कापीन आणि मॅडम स्वतः बघतील.

आणि मित्राला माझा निरोप सांगा, की तो भित्रा आहे आणि मला तो फार आवडतो.

मुंगी

---

२५ जून

मुंगे,

ठोकळा आणि दोन काचा वेगळ्या पार्सलने पाठवल्या. अहवालाची प्रतही आहे. वरचे नाव मी कात्रीने कापून काढले आहे, शपथ ती शपथ. ठोकळ्यावर फक्त आकडा आहे.

निरोप शब्दशः दिला. तो बुचकळ्यात पडला. म्हणाला, ती मला ओळखतसुद्धा नाही. मग बराच वेळ लाजत होता.

पण आता मला दुसरीच काळजी लागली आहे. तुझ्या काकूचे काहीतरी बिनसले आहे. गेले चार दिवस ती मला एका शब्दाने बोललेली नाही. रुसलेली नाही, उलट गोड आहे. परवा माझ्या हातून चिनी मातीची बरणी फुटली. मी मान खाली घालून उभा राहिलो. ती म्हणाली, "असू दे, जुनीच होती." ती बरणी तिच्या आईची होती.

जेवायला दुधात भिजवलेला पाव देते आणि समोर बसून मी गिळतो की नाही ते बघते. काल सकाळी जाग आली तर ही विजेरी घेऊन माझ्या तोंडात डोकावत होती. मी विचारले काय करतेस, तर म्हणाली पाल शोधतेय.

माणूस असा एकाएकी बदलत नाही. ती वाचनालयातून हल्ली उशिरा येते. डॉक्टरकडे जात असावी आणि माझ्यापासून लपवत असावी. मी विचारले तर सांगणार नाही. तू बाईमाणूस, तिला हळूच लिहून काढून घे. तोवर मी तिला जड काम करू देत नाही.

काका

---

२७ जून

मुंगी,

तुझं पत्र वाचलं आणि मग शेवटपर्यंत काउंटरवर बसून राहिले. त्या दिवशी तीन जणांना चुकीची पुस्तकं गेली.

तोंडात बघितलं. घोरतात तेव्हा उघडं असतं, पण विजेरी लावली की मिटतात. काही दिसलं नाही. मऊ जेवण देते तर मुकाट्याने खातात आणि मग मागच्या खोलीत जाऊन कडक बिस्किटं खातात, आवाज इथवर येतो. दुखत असणार, पण मला कळू नये म्हणून खातात. यांचा हट्ट तुला माहीतच आहे. प्रुफं येतात, पण तशीच टेबलावर पडून असतात, हे दुपारभर खाली जाऊन बसतात.

मला जास्त घाबरवतं ते वेगळंच. हे भांडी घासायला लागलेत. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातून पिशव्या काढून घेतात. काल टॉनिकची बाटली आणली, माझ्यासाठी. कशाला म्हटलं, तर म्हणाले अंगात ताकद हवी. पुढचं तूच समज. स्वतः निघायच्या आधी माझी सोय लावताहेत.

तू रागावू नको म्हणालीस म्हणून गप्प आहे. पण या माणसाला मी रोज ऐकवत आले. आता काही बोलायचं नाही म्हटल्यावर घरात घड्याळाचा आवाज ऐकू येतो. मला तो अजिबात आवडत नाही.

लवकर काय ते कळव.

काकू

---

५ जुलै

काका आणि काकू,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. काका, मोठ्याने.

पार्सल पोचलं. ठोकळा बर्फावर ठेवून थंड केला आणि यंत्राला लावला. पात्याखालून जो पापुद्रा निघतो तो केसापेक्षाही पातळ असतो. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर उचलून घ्यायचा. सोळा वर्षं मी रोज हेच करते. पहिला पापुद्रा माझ्या हातून चुरगळला, दुसराही. तिसऱ्या वेळी मी स्वतःला सांगितलं की हा कुणाचा तरी नमुना आहे, माझ्या घरातला नाही. मग जमलं.

रंगवून काच मॅडमना दिली. मी कुणाची ते सांगितलं नाही, पण नेहमी ट्रे ठेवून निघून जाणारी मी मागे उभी राहिले, त्यातच त्या समजल्या असाव्यात. खूप वेळ बघत होत्या. मग मलाही दाखवलं. केंद्रक्या खरंच मोठ्या होत्या. जांभळट, गोल, डोळ्यात भरणाऱ्या.

मॅडम म्हणाल्या, "या चोर नाहीत ग, गवंडी आहेत."

मग त्यांनी बोट ठेवून एकेक दाखवलं. ठिपके मोठे, पण सगळे एकसारखे आणि गुळगुळीत. पेशी तळापासून वर रांगेत, आणि वर येईल तशा शांत होत जाणाऱ्या. तळाचा थर शाबूत. खाली सुजेच्या पेशींची दाटी. म्हणजे जखम आहे आणि ती बुजवायचं काम जोरात चाललंय, म्हणून केंद्रक्या फुगल्यात. आधीच्या प्रयोगशाळेनं काही चुकीचं लिहिलेलं नाही. त्यांचा काप तिरका आला होता, तळाचा थर त्यात दिसतच नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. पुन्हा तपासायचं सोडून घाबरून बसलो ते आपण.

पण बुजवायचं काम चालू असून दोन महिने जखम बुजत का नाही? मॅडमनी विचारलं, "या माणसाचा एखादा दात तुटलेला आहे का? कुणीतरी रोज ती जखम ओरबाडतंय."

तेव्हा आता पुरे झालं, काका. तो ओळखीचा माणूस कोण ते मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि मी काकूलाही सांगितलंय. उद्याच्या उद्या दाताच्या डॉक्टरकडे जा. दाताचं टोक घासून घ्या आणि त्या दिवसापासून चौदा दिवस मोजा. जखम भरायला हवी. नाही भरली तर नवा तुकडा काढून पाठवायचा. यात सूट नाही. मॅडमसुद्धा दिसलं तेवढंच सांगू शकतात.

तुमचीच,
मुंगी

---

९ जुलै

मुंगे,

माझ्या तोंडात तुटायला दातच नाही. गेल्या वर्षी सगळे काढले. कवळी आहे. तुला सांगितले नव्हते, कारण तू हसतानाचा फोटो मागितला असतास.

तुझे पत्र जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचले. संपल्यावर मी काकूकडे बघत राहिलो, ती माझ्याकडे.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?" तिने विचारले.

"नाही. आणि तुला?"

"मला काय होणार?"

मग म्हणाली, "मग पंधरा दिवस भांडी अशी तेलकट का घासलीत?"

तिथून जी सुरुवात झाली ती दोन तास. बरणीपासून सगळे निघाले. पंधरा दिवसांचे साठलेले होते. मधेच तिने पदर डोळ्याला लावला, तेवढ्यात मी पळायला बघितले तर पुन्हा बसवले. मुंगे, मी आणि तुझी काकू पंधरा दिवस एकमेकांची शेवटची सेवा करत होतो आणि दोघेही ठणठणीत. टॉनिक आता मीच पितो.

तो ओळखीचा माणूस खरोखर आहे. शपथ मोडतो. आमच्या इमारतीच्या खालच्या गाळ्यात शिवणकाम करतात ते मास्तर. चाळीस वर्षे त्यांनी दोरा कात्रीने तोडलेला नाही, दाताने तोडतात. तुझ्या मॅडमचा प्रश्न वाचला आणि मी तसाच जिना उतरून खाली गेलो. त्यांना तोंड उघडायला लावले. डावीकडचा मागचा दात असा तुटला आहे की बोट लावले तर कापेल. दोन महिने कुणाच्या लक्षात नाही, कारण डॉक्टरांनी दाताचे विचारले तेव्हा हे 'उत्तम आहेत' म्हणाले.

असे का म्हणाले, ते काल कळले. हा माणूस कर्करोगाला तयार होता. दाताच्या डॉक्टरला नव्हता. नुसते नाव काढले तर मशीनखाली काहीतरी पडले म्हणून शोधायला बसला. शेवटी काकू खाली आली. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमच्यामुळे मी नवऱ्याला पंधरा दिवस बोलले नाही. चला." तो मुकाट्याने उठला.

दाराशी पोचल्यावर एकदा मागे फिरला, पण मागे काकू होती. दात घासून झाला. काल, आठ तारखेला. आजचा पहिला दिवस.

काका

---

१३ जुलै

काका,

मी दोन दिवस पत्र लिहायला बसत होते आणि लाजून उठत होते. मास्तरांना मी भित्रा म्हटलं. वर मला आवडतात असंही म्हटलं. त्यांना माझी क्षमा सांगा. काकूची मी वेगळी मागते, समोर येऊन. आणि तुमची मागणार नाही, कारण साखरेच्या वेळी तुम्ही कुत्रा आणला नसता तर हे झालं नसतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, बावीस तारखेला जखम उघडी असेल तर मला हसू येणार नाही.

जखम कशी आहे ते खरं लिहा. चांगलं वाटावं म्हणून लिहू नका.

मुंगी

---

१६ जुलै

मुंगे,

आठवा दिवस. रोज सकाळी काकू विजेरी घेऊन खाली जाते. आता पाल शोधायची गरज नाही, मास्तर आपणहून तोंड उघडतात. जखम तेवढीच आहे. काकूला वाटते कडा थोडी मऊ झाली, मला वाटते तिला तसे वाटायला हवे आहे. मास्तर म्हणतात, आता दुखत नाही. पण ते 'दात उत्तम आहेत' असेही म्हणाले होते.

एरवी तो काजे करताना गुणगुणतो. काल गप्प होता. मी तुझे ९ जूनचे पत्र पुन्हा वाचून दाखवले, या वेळी ती ओळ गाळून. आयुष्यात पहिल्यांदा ओळ गाळली. त्याला कळले. म्हणाला, "मधलं एक राहिलं." मग त्यानेच ती पाठ म्हणून दाखवली.

काका

---

३० जुलै

ताईंना शिवणकामवाल्या मास्तरांचा नमस्कार.

तुमची-माझी भेट नाही, पण माझ्या गालाचा तुकडा तुम्ही कापलात, तेव्हा अगदीच परकं म्हणता येणार नाही. तुम्हाला लिहिणार म्हटलं तेव्हाच तुमचे काका पत्र तपासायला मागत होते. मी नाही म्हटलं. चुका असतील त्या गोड मानून घ्या.

पहिली गोष्ट, जखम भरली. दहाव्या दिवशी आक्रसायला लागली, आणि बावीस तारखेला सकाळी काकूंनी विजेरी लावून बघितलं तर नुसती गुलाबी रेघ राहिली होती. त्यांनी दोनदा बघितलं, मग तुमच्या काकांना बघायला लावलं. डॉक्टरांनाही दाखवून आलो. त्यांनी महिन्याने पुन्हा बोलावलंय, मी जाणार आहे. दोरा आता कात्रीने तोडतो. हात चुकतो अजून, कात्री शोधण्यातच वेळ जातो.

दुसरी गोष्ट, मुलीला मुलगी झाली. पंचवीस तारखेला. दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, बाबा, पुढच्या वेळी मला आधी सांगायचं. मी म्हटलं, पुढची वेळ कशाला? तर पुन्हा भिंतीकडे. आता बोलते.

तुम्ही क्षमा मागितलीत असं काकांनी सांगितलं. मागू नका. मला भित्रा म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, सगळे धीराचा आहेस म्हणत होते. धीराचा म्हटलं की माणसाला काहीच करावं लागत नाही, नुसतं बसून राहिलं तरी चालतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या काकांनी तुम्हाला लिहिलेली नसणार.

अहवाल आल्यावर मी ठरवलं होतं की हातातलं काम संपवायचं आणि गाळा बंद करायचा. तसं त्यांना बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते कापड घेऊन आले. म्हणाले, मास्तर, एक सदरा शिवा, घाई नाही. नाही म्हणवेना. शिवला. तर म्हणाले, गळा घट्ट होतो. उसवून पुन्हा केला. मग बाही आखूड. मग दुसरं कापड. तुमच्या काकांना कपड्यातलं काय कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हा माणूस एकदा माझ्या गाळ्यात बनियन उलटं घालून तासभर बसला होता. पण तोंड एवढं गंभीर करून यायचे आणि टेप स्वतःच गळ्याला लावून दाखवायचे, की बघा, अर्धा इंच.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हातात यांचं काम असेपर्यंत मी गाळा बंद करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मी काही बोललो नाही. फक्त दुसऱ्या सदऱ्यापासून मीही चुका ठेवायला लागलो. मुद्दाम. एखादं बटण चुकीच्या काजासमोर, एखादा खिसा बोटभर खाली. नाहीतर तक्रार करायला त्यांना काही सापडायचं नाही, आणि ते बिचारे नुसतेच कसे येणार?

जून-जुलै मिळून पाच सदरे झाले. काकूंनी परवा कपाट उघडलं तेव्हा त्यांना ते दिसले. वर काय झालं ते मला माहीत नाही, पण आवाज खालपर्यंत येत होता.

आता जखम भरली, नात आली, कामही पुष्कळ आलंय. गाळा बंद करायचं कारण उरलं नाही, तसं त्यांना येण्याचंही उरलं नाही. सोमवारी आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. मग काल मी वरच्या मजल्यावर निरोप पाठवला, की पाचव्या सदऱ्याची उजवी बाही जरा बघून घ्यायला हवी.

बाहीत काही खोट नाही. काकांना सांगू नका. आत्ताच जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, म्हणून इथेच थांबतो.

आपला,
मास्तर